अंतर कोण मोजतं?

दुर्ग जिल्ह्यातलं अहिवारा हे नंदिनीच्या खाणींशेजारचं गाव. या खाणींतला चुनखडा भिलाईच्या भट्ट्यांना जातो. १९५९ साली तिथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि कारखान्याच्या नोकरीसाठी देशभरातून माणसं आली. त्यांत नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी घरंही होती. मराठी या भागाला तेव्हा नवी नव्हती. दुर्ग ज्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, त्याची राजधानी नागपूरच होती.

खालच्या संवादातली माणसं मी घडवलेली आहेत, त्यांचे मुद्दे मात्र खरे आहेत. आळशी डोळ्याबद्दल डॉक्टर एक बाजू सांगतात, घरची माणसं दुसरी धरून बसतात, आणि या दोन बाजूंची गाठ सहसा पडत नाही. ती पडावी म्हणून हा लेख.

काकांनी आयुष्यभर भिलाईत ईओटी, म्हणजे डोक्यावरून विजेवर धावणारी, क्रेन चालवली आणि निवृत्तीनंतर अहिवाऱ्यात घर बांधलं. पुतणी नागपूरला ऑप्टोमेट्रिस्ट आहे. वादाचं कारण काकांचा सात वर्षांचा नातू. त्याच्या शाळेत ‘चिरायु’ची टीम आली होती, २०१३ साली देशात सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांना छत्तीसगडमध्ये हे नाव आहे. त्यांनी मुलाचा एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला, तेव्हा कळलं की डावा डोळा ६/३६ च्या पलीकडे जात नाही. उजव्याचा नंबर अधिक एक, डाव्याचा अधिक साडेचार. चार महिने चष्मा लावल्यावर डावा ६/१८ वर आला आणि तिथेच थांबला. आता डॉक्टरांनी उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली आहे.

काका : चांगला डोळा बंद करायचा आणि बिघडलेल्याकडून काम काढायचं, हे कुठलं शास्त्र? पोराला काही त्रास नाही. वाचतो, खेळतो, सायकल चालवतो. तुम्ही लोक त्याला पेशंट करून राहिले.

पुतणी : त्याला त्रास नाही म्हणूनच सात वर्षं कुणाला कळलं नाही, काका. डोळा तिरळा असता तर आईला दिसला असता. इथे दोन्ही डोळे सरळ, टपोरे, सुंदर. नुसता नंबर वेगळा.

काका : मग नंबराचा चष्मा दिला ना? संपलं.

पुतणी : चष्म्याने डोळ्यात चित्र स्वच्छ पडलं. पण सात वर्षं ते धूसर पडत होतं, आणि ज्या वयात मेंदू पाहायला शिकतो त्या वयात पडत होतं. दोन्ही डोळे फोकसचा जोर सारखाच लावतात. एकाने कमी, दुसऱ्याने जास्त, असं त्यांना जमत नाही. उजव्याला एक नंबराचा जोर लावला की लांबचं स्वच्छ दिसतं, तेवढ्यावर दोघंही थांबतात. डावा मग कायम साडेतीन नंबरने धूसर. जवळचं पाहिलं तरी तेच, लांबचं पाहिलं तरी तेच. मेंदूकडे एका बाजूने स्वच्छ चित्र जातंय, दुसऱ्या बाजूने पुसट. तो कुणाचं ऐकेल?

काका : स्वच्छ त्याचं. बरोबरच आहे त्याचं.

पुतणी : तो नुसतं ऐकत नाही, दुसऱ्याला गप्प बसवतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. ह्यूबेल आणि वीझेल या दोघांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. पुढे १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. पिल्लाचा एक डोळा लहानपणी काही महिने बंद ठेवला आणि मग उघडला. डोळा निरोगी होता, पण मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी त्याला जवळजवळ दादच देत नव्हत्या. मग त्यांनी काही पिल्लांचे दोन्ही डोळे बंद ठेवले. तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?

काका : दोन्ही गेले असतील.

पुतणी : त्यांनाही तसंच वाटलं होतं. पण दोन्ही डोळे बंद ठेवलेल्या पिल्लांत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पेशी शाबूत निघाल्या. अंधाराने जेवढं नुकसान केलं नाही तेवढं एका डोळ्याच्या वरचढपणाने केलं. तुमच्या नातवाचं दुखणं डाव्या डोळ्यात शोधाल तर सापडणार नाही. ते दोन डोळ्यांमधल्या फरकात आहे.

(इथे मी मध्ये येतो, कारण आईबापांच्या कामाची एक गोष्ट याच ठिकाणी सांगायची आहे. तान्ह्या बाळाचा एक डोळा तळहाताने झाकला आणि ते खुशाल खेळत राहिलं, पण दुसरा झाकल्याबरोबर हात ढकलून रडायला लागलं, तर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. बोलता न येणारं मूल एवढीच तक्रार करू शकतं. ते रडलं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं मात्र समजू नये. शाळेत जाण्याआधी प्रत्येक मुलाचे डोळे एकेक करून तपासलेले असावेत.)

काका : समज तुझं सगळं खरं. तरी माझा प्रश्न उरतोच. एका डोळ्याने माणसाचं काय अडतं? मन्सूर अली खान पतौडी घे. १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटारीच्या अपघातात उजवा डोळा गेला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीला कसोटी खेळला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, एकविसाव्या वर्षी, देशाचा कप्तान. शेचाळीस कसोट्या, एक द्विशतक. लांबून धावत येणारा गोलंदाज त्याला दिसत होता, आणि आमचं पोरगं शाळेच्या मैदानावर चेंडू धरणार नाही?

पुतणी : पतौडी विसाव्या वर्षापर्यंत दोन डोळ्यांनी क्रिकेट शिकले होते. आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की अपघातानंतर जगमधून पेल्यात पाणी ओतायला गेले तर ते टेबलावर सांडायचं. म्हणजे पेस गोलंदाज खेळता येतो, पण हाताजवळचा पेला चुकतो. मला बोलायचंय ते यावरच.

काका : बोल. पण माझंही ऐकून घे. मी पंधरा-वीस मीटर उंचावर केबिनमध्ये बसायचो. खाली हूकला लोड, त्याच्या खाली माणसं. लोड जमिनीपासून किती वर आहे हे मी दोन डोळ्यांनी मोजलं नाही कधी. लोडची सावली पाहायचो. सावली आणि लोड जवळ आले की समजायचं. दोर किती झुलतोय ते पाहायचो. आणि सगळ्यात आधी खालच्या सिग्नलवाल्याचा हात. माझ्याबरोबरच्या एकाला एका डोळ्याने कमी दिसायचं असं नंतर कळलं; हात त्याचाही साफ होता.

पुतणी : तुम्ही म्हणता ते गणितानेही खरं आहे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर. त्यामुळे दोघांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी. चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये दोन सपाट चित्रं दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवून सिद्ध केलं की एवढ्याशा फरकातून मेंदू खोली बनवतो. पण वस्तू जशी लांब जाते तसा हा फरक झपाट्याने कमी होतो; अंतर दुप्पट झालं तर खोली ओळखायची ताकद चौपटीने घटते. अगदी उत्तम जोडीचे डोळे घेतले तरी वीस मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त फरक असेल तरच दोन डोळ्यांमुळे तो कळतो.

काका : अर्धा मीटर! एवढ्यात तर माणूस चेंगरेल.

पुतणी : म्हणून तुम्ही सावली पाहायचा. आता तेच डोळे चाळीस सेंटिमीटरवर आणा. पुस्तक धरतो, सुई ओवतो, चहा ओततो त्या अंतरावर. तिथे ते पाव मिलिमीटरचा फरक ओळखतात. केबिनमध्ये तुम्हाला जोडीची गरज नव्हती. घरी आल्यावर जेवताना, खिळा ठोकताना, मुलाची नखं कापताना ती सतत कामावर होती, आणि तुम्हाला तिचा पत्ता नव्हता, कारण ती कधी कमी पडली नाही.

काका : आणि पोराचं किती?

पुतणी : पहिल्या तपासणीला तुम्ही बरोबर होतात. मोठ्या माशीचं चित्र आठवतं? तो खास चष्मा लावून पाहिलं की माशीचे पंख कागदाच्या वर आलेले दिसतात. मुलाला सांगतात, पंख चिमटीत धर. जोडीने पाहणारं मूल कागदाच्या वर हवेत चिमूट धरतं. त्याने बोट सरळ कागदावर टेकवलं.

काका : मला वाटलं, चित्र आहे, चित्रावर बोट ठेवणारच. मी तो चष्मा लावला तेव्हा दचकून हात मागे घेतला.

पुतणी : चार महिने चष्मा लावल्यावर त्याने हवेत चिमूट धरली. पुढची ठिपक्यांची, प्राण्यांची चित्रं असतात त्यांत तो चारशे सेकंदांपर्यंत पोचला. एका अंशाचे छत्तीसशे भाग केले की एक सेकंद. चांगल्या जोडीला चाळीस किंवा त्याहून कमी सेकंद पुरतात. चारशेचा अर्थ असा की चाळीस सेंटिमीटरवर साधारण पाच मिलिमीटरचा फरक असेल तरच त्याला तो दोन डोळ्यांनी कळेल. सुईचं भोक त्याहून बारीक असतं.

काका : म्हणजे नुसत्या चष्म्याने खोली आली. तरी पट्टी पाहिजे?

पुतणी : थोडी आली. धूसरपणा गेला तेवढा फरक मिटला, तेवढी जोडी जुळली. ही गोष्ट कुणालाही उलट करून पाहता येते. चांगल्या डोळ्यांच्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांपुढे सारखीच धूसर काच धरली तर खोलीची जाण थोडी कमी होते. आता एक काच काढून घ्या. एक डोळा स्वच्छ, एक धूसर. एकूण माहिती वाढली की नाही?

काका : वाढली.

पुतणी : आणि खोलीची जाण आधीपेक्षा आणखी कमी होते. दोन्ही डोळे कमजोर असलेले परवडले, एक जोरदार आणि एक कमजोर परवडत नाही.

हा निष्कर्ष मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो, आणि नेत्रतपासणीच्या तक्त्यावर तो कुठेच दिसत नाही. तक्ता एका वेळी एका डोळ्याला प्रश्न विचारतो. दोघे एकमेकांशी कसे वागतात हे त्याला विचारताच येत नाही.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे मांडलं ते क्रेन चालवणाऱ्यालाच सुचावं.

काका : थांब. एखादा बोजा एका क्रेनला झेपत नसला की आम्ही दोन क्रेन लावायचो. दोघींनी एकाच वेळी, एकाच चालीने उचलायचं. एकीची मोटर मंद असली तर लोड तिरपा होतो. तेव्हा मंद मोटरला शिव्या देऊन उपयोग नसतो. जोरदार क्रेनवाल्याने आपली चाल कमी करायची, दुसरीच्या बरोबरीने आणायची. लोड सरळ वर जातो. मग पोराच्या चांगल्या डोळ्याची चाल थोडी कमी करा. बंद कशाला करता?

पुतणी : काका, तुम्ही जे बोललात ते कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात करून पाहिलं. दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दाखवली. चांगल्या डोळ्याच्या चित्राचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, कमी कमी करत नेला. एका ठिकाणी दोघांचा जोर समान झाला, आणि ज्यांना आयुष्यभर एकाच डोळ्याने पाहणारे समजत होते अशा प्रौढ माणसांचे दोन्ही डोळे मिळून काम करायला लागले. तोवर सगळे धरून चालले होते की दोन डोळ्यांची जोडणी लहानपणीच मोडून गेली. ती मोडलेली नव्हती, दाबलेली होती.

काका : मग झालं तर!

पुतणी : एवढ्यात नाही झालं. तुमच्या क्रेनमध्ये आणि मेंदूत एक फरक आहे. तिथे जोरदार क्रेन पुढे जाते एवढंच. इथे ती मंद क्रेनचा ब्रेकही ओढून धरते. चांगला डोळा उघडा असेपर्यंत डाव्याचा आवाज खाली दाबला जातो. वर त्याचा निरोपही उशिरा पोचतो.

काका : उशिरा म्हणजे?

पुतणी : दाखवते. एका दोऱ्याला नट बांधून मी तो तुमच्यासमोर सरळ रेषेत, डावीकडून उजवीकडे झुलवते. तुम्ही डाव्या डोळ्यापुढे गॉगलची एक काच धरून पाहा, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

काकांनी पाहिलं. नट सरळ रेषेत झुलतच नव्हता. उजवीकडे जाताना लांबून जात होता, डावीकडे येताना जवळून, आणि वरून पाहावं तर लांबट गोल काढत होता. त्यांनी काच काढली, गोल नाहीसा झाला. काच उजव्या डोळ्यावर धरली, गोल उलटा फिरला.

गडद काचेमागच्या डोळ्याचा संदेश काही हजारांश सेकंद उशिरा पोचतो. तेवढ्या वेळात नट पुढे सरकलेला असतो. मेंदूला दोन डोळ्यांकडून नटाच्या दोन वेगळ्या जागा कळतात, आणि या फरकाची तो खोली बनवतो. कार्ल पुलफ्रिश या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ साली या भासाचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचं नाव आहे. पुलफ्रिशला एका डोळ्याने दिसत नव्हतं. इतरांच्या निरीक्षणांवरून त्याने हे लिहिलं. स्वतः त्याने तो गोल कधी पाहिला नाही. आळशी डोळा असलेल्या काही लोकांना काळी काच न लावताही अशी चूक दिसते, कारण त्यांची काच मेंदूत असते. झोपाळा, चेंडू, समोरून येणारी सायकल असं काहीही हलणारं पाहताना त्यांच्या अंतराच्या अंदाजात ही चूक मिसळलेली असते.

काका : हे पाहून मला एक विचारावंसं वाटतं. चालतं-फिरतं जग असं चुकीचं दिसत असेल, तर अशी मुलं मागे पडत असतील ना? परीक्षेत, नोकरीत?

पुतणी : याचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे, तरी सांगते. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या हजारो मुलांचा मोठेपणीपर्यंत मागोवा घेतला गेला. आळशी डोळा असलेल्यांत आणि इतरांत शिक्षण, वागणूक, सामाजिक आयुष्य यांत काही मोठा फरक सापडला नाही.

काका : पाहा! आणि तरी तू पट्टी घेऊन उभी आहेस.

पुतणी : उभी आहे, कारण मणी ओवणं, खुंट्या बसवणं अशी बारीक हाताची कामं दिली तर अशी मुलं हळू पडतात, चुका जास्त करतात, असंही अभ्यासांत दिसलंय. दुसरं, काही दारं बंद होतात. रेल्वेच्या लोको पायलटच्या वैद्यकीय तपासणीत दोन डोळ्यांची जोडी पाहतात. आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं. उद्या उजव्या डोळ्याला काही झालं तर डावा हाच त्याचा डोळा. ब्रिटनच्याच अभ्यासात आळशी डोळेवाल्याला आयुष्यात चांगल्या डोळ्याची दृष्टी जाण्याचा धोका किमान १.२ टक्के निघाला होता.

काका : शंभरात एक.

पुतणी : हो, शंभरात एकाहून थोडा जास्त. ग्राइंडरवर काम करताना चष्मा न लावणारे किती पाहिलेत तुम्ही?

काका : (बऱ्याच वेळाने) पुष्कळ. ठीक, डावा डोळा तयार ठेवायचा. स्पेअर म्हणून. त्यासाठी पट्टी समजली. पण तू मघापासून जोडीचं बोलून राहिलीस. पट्टी लावली की जोडी बंद. दोन तास तो एकाच डोळ्याने पाहणार. मग खोली कशी येणार त्यातून?

या प्रश्नावर पुतणी अडली, आणि अडायलाच हवं होतं. नेत्रतज्ज्ञही गेली कित्येक वर्षं याच प्रश्नावर वाद घालत आहेत.

पुतणी : पट्टीने डाव्याची मोटर दुरुस्त होते. ती सुधारली की दोघांमधला फरक कमी होतो, आणि फरक कमी झाला की काही मुलांत खोली आपोआप वाढते. काहींत वाढत नाही. डावा डोळा ६/९ पर्यंत येतो, आम्ही कार्डावर लिहितो, आईवडील पेढे आणतात, आणि माशी जिथल्या तिथे. ते मला खटकतं. सुझन बॅरी म्हणून अमेरिकेत मेंदूशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. लहानपणापासून तिरळेपणा, त्याच्या तीन शस्त्रक्रिया झालेल्या. एकेका डोळ्याने त्यांना नीट वाचता यायचं. पण दोन्ही डोळे एका वेळी एका जागी लावायची सवयच नव्हती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांचे व्यायाम करून त्यांना पहिल्यांदा खोली दिसली. गाडीत बसल्या तर स्टिअरिंग व्हील डॅशबोर्डपासून सुटून पुढे आलेलं. मेंदूविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ साली त्यांच्यावर लिहिलं, नंतर त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं.

काका : म्हणजे वय गेलं म्हणून काही संपत नाही.

पुतणी : त्यांचं संपलं नाही. त्यावरून प्रत्येकाला आशा दाखवणं मला पटत नाही. असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पण ‘सात वर्षांनंतर काही उपयोग नाही’ हेही खरं नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात ते बारा वर्षांची मुलं होती. चष्म्याबरोबर पट्टीसारखे उपचार दिले त्यांतली ५३ टक्के सुधारली, नुसता चष्मा दिलेल्यांतली २५ टक्के. तुमचा नातू या गटाच्या अगदी पहिल्या पायरीवर आहे.

काका : आणि तो चाल कमी करायचा उपाय? मोबाईलवर जाहिरात पाहिली मी. गेम खेळा, डोळा ठीक.

पुतणी : त्या गेममागची कल्पना चांगली आहे, तुम्ही सांगितली तीच. चांगल्या डोळ्याला फिकं चित्र, कमजोर डोळ्याला ठळक, आणि दोन्ही मिळूनच खेळता येईल असा खेळ. सुरुवातीचे निकाल फार छान होते. मग मोठ्या चाचण्या झाल्या. २०१८ साली जाहीर झालेल्या एका चाचणीत मोठी मुलं आणि प्रौढ घरी सहा आठवडे असा गेम खेळले. दुसऱ्या गटाला दिसायला तसाच, पण उपचार नसलेला गेम दिला होता. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दुसरीकडे, २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी एक हेडसेट मंजूर केला. त्यात मूल आवडीचे कार्यक्रम पाहतं, आणि चांगल्या डोळ्याचं चित्र फिकं केलेलं असतं. तेव्हा दार उघडं आहे. पण मोबाईलवरच्या जाहिरातीला पैसे भरू नका.

काका : मी भरणारही नव्हतो. पट्टीचं बोल. शाळेत लावून पाठवणार नाही, आधीच सांगतो. इथली पोरं ‘काना’ म्हणून चिडवतात. एकदा नाव पडलं की लग्नापर्यंत पुरतं.

पुतणी : शाळेत लावायचीच नाही. मध्यम कमजोरी असेल, तुमच्या नातवासारखी, तर रोज दोन तास आणि रोज सहा तास यांत फरक पडत नाही, हे २००३ सालीच दिसलंय. शाळेतून आल्यावर, चष्म्याच्या आत, त्वचेला चिकटणारी पट्टी. काचेवर कागद लावू नका, तो बाजूने डोकावतो. आणि त्या दोन तासांत त्याला काहीतरी बारीक काम द्या. चित्रं, अक्षरं, मणी. नुसतं टीव्हीपुढे बसवू नका.

काका : आणि पट्टी काढल्यावर?

पुतणी : म्हणजे?

काका : दोन तास मंद क्रेन एकटी चालवली, तिची मोटर सुधारली. आता दोघींना एकत्र लोड नको का द्यायला? पट्टी काढली की मी त्याला दोन्ही डोळ्यांचं काम देईन. चेंडू झेलायचा. सुईत दोरा. बाटलीत पाणी ओतायचं, सांडू दे सांडलं तर. चालेल?

पुतणी : याने खोली वाढते असं सिद्ध झालेलं नाही, काका. नुकसान काही नाही. मी तुम्हाला ‘करा’ म्हणेन, ‘याने बरा होईल’ म्हणणार नाही.

काका : एवढं पुरे. मला सर्टिफिकेट नको. दुसरं एक. दर वेळी तू तक्ता वाचायला लावतेस आणि आकडा लिहितेस. या वेळपासून माशीचाही आकडा लिहायचा. दोन आकडे, शेजारी शेजारी. डावा डोळा किती आला ते एक, आणि जोडी किती आली ते दुसरं.

पुतणी : लिहीन. पण मला शब्द द्या. समजा चार महिन्यांनी डावा ६/९ वर आला आणि माशी चारशेवरच राहिली, तर ‘पट्टी फुकट गेली’ म्हणायचं नाही. आणि सुधारला म्हणून एका दिवसात पट्टी सोडायचीही नाही. डोळा परत मागे जाऊ शकतो. हळूहळू कमी करायची, मी सांगेन तशी.

काका : म्हणणार नाही. पण तेव्हा मी विचारीन की जोडीसाठी आता काय, आणि ‘काही नाही’ हे उत्तर मी घेणार नाही.

पुतणी : आज माझ्याकडे चष्मा आहे, पट्टी आहे, आणि पट्टी लावूच दिली नाही तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचा थेंब आहे. जोडीसाठी त्या दिवशी जे खरं ठरलेलं असेल ते सांगेन. नसेल ठरलेलं, तर तसं सांगेन.

काका : थेंब? हे तू आधी का नाही बोललीस? पट्टीपेक्षा ते बरं, कुणाला दिसत तरी नाही.

पुतणी : दिसत नाही, पण चांगला डोळा जवळचं धूसर पाहतो आणि उन्हात डोळे दिपतात. अहिवाऱ्याच्या मे महिन्यात त्याला टोपीशिवाय बाहेर सोडता येणार नाही. पट्टीइतकाच उपयोग होतो, हे २००२ पासून माहीत आहे. डॉक्टरांशी बोलू आणि मग ठरवू.

काका : डॉक्टरांशी मीच बोलतो. आणि पोरालाही विचारतो. डोळा त्याचा आहे.